डिस्कसला लावलेलं मीठ

आमच्या घरात मासा मेला तर कुणी रडायचं नाय, आई पाटा धुवायला घ्यायची. मेलेला मासा म्हणजे चांगली बातमी. त्यामुळं जिवंत मासा काचेच्या पेटीत ठेवून, त्याला खायला घालून, वर त्याची तब्येत बघत बसणारा माणूस आमच्या आख्ख्या गावात वेडा समजला जायचा, आन् तो माणूस मी होतो. हे मी बोलतोय आन् माझी पोरगी लिहून घेतेय, कारण मला शाळेनं चौथीतनं सोडलं. मी शाळा सोडली असं पाव्हण्यांना सांगतो, पण खरं म्हणजे आमी दोघांनी एकमेकांना सोडलं, त्यात शाळेला जास्त घाई होती.

आमचं घर कामोठ्याच्या जुन्या गावात. पुढं ओटी, मधे खोली, मागं पडवी आन् पडवीला लागून केळी. ओटीवर बसायला जागा नव्हती, कारण तिथं मिठाच्या गोणी होत्या. रोडपालीच्या खाडीला आमचं मिठागर होतं, ते नव्या शहराखाली गेलं. कसं गेलं, कुणी घेतलं, ते तुमाला सगळ्यांना ठाऊक हाय, गावोगाव तीच गोष्ट. बाबा शेवटचं मीठ घेऊन घरी आला, गोणी ओटीवर लावल्या, मीठ ओढायची लाकडी फावडी भिंतीला टेकवली आन् शेजारी स्वतः टेकून बसला. मंग बरेच महिने तिघं तसेच होते, गोणी, फावडी आन् बाबा. त्यातली एक गोणी पहिल्या फुटीच्या, म्हणजे हंगामात सगळ्यात आधी निघालेल्या मिठाची. मोगऱ्यासारखं पांढरं. तिला हात लावायचा नाय. आईनं एकदा लोणच्यासाठी मागितलं तर बाबा म्हणाला, "दुकानातना आन." मीठवाल्याच्या बायकोनं दुकानातनं मीठ आणलं, ते पदराखाली झाकून.

बाकी आमच्याकडं मीठ म्हणजे डॉक्टर. दात दुखला, मीठ. दृष्ट लागली, मीठ. पायाला जळू लागली, मिठाची चिमूट टाका, पडली खाली. पोटात जंत झाले, मिठाचं पाणी. मी नापास झालो तेव्हा पण आईनं मिठानं दृष्ट काढली होती, म्हणजे कुणाची तरी माझ्या हुशारीवर नजर पडली असा तिचा संशय. तेवढा विश्वास माझ्यावर नंतर कुणी ठेवला नाय.

मी कामाला होतो इक्बालभाईच्या दुकानात. कामोठ्यात तेव्हा नव्या बिल्डिंगी उठत होत्या आन् प्रत्येक फ्लॅटवाल्याला टीव्हीच्या बाजूला माशाची पेटी पायजे होती. माझं काम काचा पुसायचं. इक्बालभाई माणूस दिलदार, पण अर्धं वाक्य बोलायचा आन् उरलेलं समोरच्याला कळलं असं धरून चालायचा. समोर मी असल्यावर ते उरलेलं वाक्य हवेतच राहायचं. एक दिवस त्यानं मला डिस्कसची जोडी दाखवली. ताटलीसारखा गोल मासा, अंगावर निळ्या नागमोडी रेघा, डोळा लाल. हा मासा म्हणे अंडी देतो आन् स्वतःच खातो. पाणी जरा बिघडलं, खातो. आवाज झाला, खातो. दुकानात गिऱ्हाईकं काचेवर टकटक करतात म्हणून तिथं जमेना. "बाल्या, तू घेऊन जा घरी," तो म्हणाला. "पोरं जगवलीस ना, तर मागची खोली तुझी. ब्रीडिंग तू बघायचं, काचा पुसायला दुसरा ठेवतो. नाय जगली तर…" आन् तिथं वाक्य संपलं.

ते माझ्या घरात पुरं झालं. माझ्या मामाचा डंपर होता, खडी वाहायचा, आन् त्याला क्लीनर पायजे होता. बाबानं त्याला शब्द दिला होता, शिमगा झाला की पोरगा तुझा. मला डंपरची भीती वाटायची. डंपरची कमी, मामाची जास्त. म्हणजे हिशोब सरळ होता. शिमग्याआधी माशाची पोरं जगली तर मी मासेवाला, नाय तर मामाच्या टायरांना पाणी मारायचं.

मागच्या पडवीत पेटी मांडली. बाबा आला, वाकून बघितलं आन् म्हणाला, "हा तर पापलेटाचा चुलतभाव. तलाचा की कालवनाचा?"

"खायचा नाय बाबा. पाळायचा."

"आन् मंग?"

मी उगाच पेटीची काच पुसायला घेतली. ती आधीच पुसलेली होती.

इक्बालभाईनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, "पाणी नरम पायजे." मी नळाखाली हात धरून बघितला. नरम लागलं. विहिरीत बोट घातलं, तेपण नरम. मी मनात म्हटलं, कडक पाणी असतं कुठं, बर्फ सोडून? तरी तो सांगतो म्हणून दुकानातल्या गाळायच्या यंत्राचं पाणी कॅनमधनं सायकलवर आणायचो. गावातल्या बाया म्हणायला लागल्या, मिठागर गेलं पन तोरा बघा, विकतचां पानी पितान. मंग एक दिवस जेवताना आईनं वालाचं बिरडं वाढलं. आमच्या विहिरीच्या पाण्यात वाल तासभर रटरटला तरी दाताखाली कच्चा लागायचा. त्या दिवशी वाल लोण्यासारखा. बाबानं मान वर करून आईकडं बघितलं. लग्न झाल्यापासनं जेवणावर त्यानं दिलेला तो पहिला शेरा असावा. आई लाजत लाजत म्हणाली, "बाल्याच्या मासलीचां पानी घेतलां थोडां." तेव्हा मला कळलं नरम पाणी म्हणजे काय. इक्बालभाईनं महिनाभर सांगून जे डोक्यात गेलं नाय ते पोटात गेल्यावर समजलं. त्यानंतर मी दोन कॅन आणायचो, एक माशांचा, एक वालाचा.

पुढचा घोळ म्हणजे नर कोण आन् मादी कोण. डिस्कसमधी ते दिसून येत नाय. एक जरा मोठा, एक जरा लहान. मी मोठ्याला शेठ म्हणायचो, लहानीला शेठाणी. आईचं एक जुनं मडकं पेटीत उपडं ठेवलं होतं, अंडी चिकटवायला. उपडं मडकं घरात नको म्हणून आई कुरकुरली, पण वालाची लाच पोचलेली होती. तर एका दुपारी बघतो, शेठ मडक्यावर अंडी घालतोय आन् शेठाणी मागं मागं फिरतेय. मी तसाच दुकानात पळालो. इक्बालभाई म्हणाला, "मग मोठी मादी आहे, बेवकूफ, खूश हो." मी खूश झालो, पण नावं बदलायची राहून गेली.

ती अंडी गेली. गावाच्या कुंपणाला लागून बिल्डिंगीचं काम चालू होतं, तिथं पायलिंगची मशीन होती. लोखंडी घण वर जायचा आन् धाडकन् खाली. प्रत्येक धाडीला आईच्या मांडणीवरची भांडी खुळखुळायची आन् पेटीतलं पाणी थरथरायचं. माशांनी घाबरून सगळी अंडी साफ केली. पुढच्या खेपेला पण तेच. तिसऱ्या खेपेला मशीन बिघडली का काय झालं, आवाज बंद होता, आन् अंड्यांतनं पिल्लं निघाली. डोळे लावलेले दोरे जसे, मडक्याला शेपट्या हलवत चिकटलेली. मी दिवसभर तिथंच उकिडवा. आई म्हणाली, "तुज्या येळेला मना एवरां कोनी बघलां नाय."

आन् एका सकाळी मडकं रिकामं.

मी पेटीभर शोधलं. तळाला नाय, पाण्यात नाय. खाल्ली, म्हटलं. मंग माशांकडं बघितलं. दोघांच्या रेघा विझल्या होत्या, अंग काळपट पडलं होतं, तव्याच्या बुडासारखं. पंख मिटून एका जागी उभे. आन् अंगभर बारीक बारीक किडे चिकटलेले, वळवळत होते, तोंडानं कातडी ओढत होते. इक्बालभाई भाचीच्या लग्नाला महाडकडं गेलेला, दुकान बंद. मी ओटीवर जाऊन बाबासमोर उभा राहिलो आन् रडलो. एवढा मोठा घोडा, मिसरूड फुटलेलं, माशासाठी रडतोय.

बाबा उठला. कितीतरी दिवसांनी तो अशा झपाट्यानं उठला की मी रडायचा थांबलो. पडवीत येऊन त्यानं पेटीला नाक लावलं.

"जलवांची पिलां हायत," तो म्हणाला. "रगत पितान. तरीच काले परले."

"आता?"

"आता काय? मीठ."

तो ओटीवर गेला आन् त्यानं ती गोणी सोडली. मोगऱ्याची. आई चुलीपासनं बघत राहिली, तिच्या हातातली भाकरी थापायची थांबली. बाबानं ओंजळभर मीठ आणलं, घमेल्यातल्या पाण्यात विरघळवलं, जिभेला लावून बघितलं, अजून थोडं टाकलं. मंग बाह्या वर करून पेटीत हात घातला. तुमाला सांगतो, मला तो मासा जाळीनं पण धरता यायचा नाय, पेटीभर पळवायचा. बाबाच्या हातात तो असा आला जसा ओळखीचा हाय. घमेल्यात सोडला. किडे गळायला लागले. जे गळेनात त्यांच्यासाठी बाबानं चिमूटभर कोरडं मीठ घेऊन अंगठ्यानं हळूच चोळलं, पाठीवरनं, पोटावरनं, जशी आई पापलेट धुताना चोळते. आई मागनं म्हणाली, "बुलबुल पन काराची, त्याबिगर सोच्छ व्हत नाय." तर बुळबुळ पण काढली. दोन्ही मासे स्वच्छ. पेटीत नवं पाणी. घमेलं केळीच्या बुडाशी ओतलं.

त्या दुपारी आमी तिघं पडवीतच जेवलो. आईनं खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण केलेलं, कैरी घालून, आन् तांदळाची भाकरी. बाबा घास घेता घेता पेटीकडं बघायचा. "रंग येतेय," म्हणायचा. खरंच येत होता, निळ्या रेघा परत उमटत होत्या. मिठागरात पाण्यावर पहिली साय धरते तेव्हा कसं बघायला लागतं, घाई केली की मीठ काळं कसं होतं, असलं काय काय तो बोलला. आमच्या आगराबद्दल तो घरी कधीच बोलला नव्हता. मधेच म्हणाला, "आपली मासली वाचली." आपली म्हणाला. मी अजून एक भाकरी मागून घेतली.

दोन दिसांनी इक्बालभाई दुकानात परत आला, अंगाला अत्तर, हातात लग्नाची मिठाई. मी छाती काढून सगळं सांगितलं. पोरं खाल्ली त्यांनी, पण मोठं दुखणं आलेलं, मी आन् बाबानं बरं केलं. कसले किडे, त्यानं विचारलं. मी सांगितलं. काळे पडलेले का? पडलेले. अंगावरचं काहीतरी खात होते का? खात होते. इक्बालभाईनं मिठाईचा डबा खाली ठेवला आन् स्टुलावर बसला. पहिल्यांदाच त्यानं वाक्य पुरं केलं.

"बाल्या, ते किडे नव्हते. पोरं होती. हा मासा पोरांना दूध पाजतो. अंगावर चिकट साय सुटते, ती खाऊन पोरं वाढतात. म्हणून काळा पडतो, म्हणजे पोरांना आईबाप ओळखू यावेत."

मला वाटलं चेष्टा करतोय. माशाला दूध? "आईच्या अंगावर ना?" मी विचारलं.

"दोघांच्या. आई दमली की बापाकडं जातात."

"बापाच्या पण अंगावर दूध?"

"बापाच्या पण. मी सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं सांगितलं. त्याला वाटलं सांगितलंय. मला वाटलं मला सगळं कळतंय. त्या दोन वाटण्यांच्या मधे ती सगळी केळीच्या बुडाला गेली. तो चिडला नाय, ते जास्त वाईट. म्हणाला, "परत देतील अंडी. शिमग्यापर्यंत बघ." आन् मिठाई माझ्या हातात दिली.

घरी बाबा जेवायला बसला होता. मी ठरवलं होतं सांगायचं नाय. पण माझ्या तोंडाला दार नाय, ते अजून बसवलेलं नाय. सगळं बोलून गेलो. बाबानं ताटातनं हात वर घेतला. त्यानं आपला अंगठा बघितला, ज्यानं मीठ चोळलं होतं.

"बापूसपन?" त्यानं विचारलं.

"हो. बापूसपन."

"सोताच्या अंगावरचां?"

"हो."

त्यानं ताट सरकवलं. ओटीवर गेला, मोगऱ्याच्या गोणीचं तोंड सुतळीनं बांधलं आन् गोणी उचलून पार आतल्या खोलीत, कपड्यांच्या पेटीमागं ठेवली, जशी काय ती गोणीच चुकली. मला वाटलं आता हा परत फावड्याशेजारी बसणार. सगळ्यात जास्त मला त्याचंच वाईट वाटत होतं. इतक्या दिवसांनी उठला होता माणूस, आन् उठून हे.

पण बाबा ओटीवर बसला नाय. पडवीत बसायला लागला. पेटीसमोर पाट टाकून, पाय दुमडून. माझ्याशी बोलायचा नाय, माशांशी पण नाय. कोण जवळ आलं की हातानं लांब करायचा. आईला पण म्हणाला, "भांरी हलू ठेव." आन् मासे परत मडक्यावर घिरट्या घालायला लागले, दोघांनी मडकं तोंडानं घासून साफ केलं, अंडी आली, आन् त्याच सकाळी ती पायलिंगची मशीन दुरुस्त होऊन धाडधाड सुरू झाली.

बाबा उठला. त्या कुंपणापलीकडं तो कधी गेला नव्हता, तिकडं बघून थुंकायचा फक्त. मी मागं मागं. मुकादम टोपी घालून उभा होता. बाबानं हात जोडले आन् म्हणाला, "दादा, घरान बालंतीन हाय. आवाज सोसत नाय तिला."

मुकादम भला माणूस. त्यानं मशीन पार पलीकडच्या कोपऱ्यात नेली, पुढचे दिवस तिकडंच काम केलं. वर एका संध्याकाळी आमच्या दारात आला, हातात मेथीचे लाडू, त्याच्या बायकोनं करून दिलेले. "काय झालं काका? मुलगा की मुलगी?"

बाबानं पडवीकडं बघितलं. "आजून कलला नाय," म्हणाला.

मुकादम लाडू ठेवून गेला. जाताना तीनदा मागं वळून बघितलं. लाडू मी खाल्ले, बाळंतिणीच्या नावानं.

त्या खेपेला मडकं रिकामं झालं तेव्हा मी पडवीत गेलोच नाय, उंबऱ्यावर उभा राहिलो. मासे काळे पडले होते. आन् अंगावर ते किडे, किडे म्हणायची सवय अजून जात नाय, सगळी वळवळत, ओढत, भांडत. बाबा पाटावर बसून पुढं वाकला होता, त्याचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले, जसे आपणच उठून काही करतील ही भीती. मी दबकत जवळ बसलो. एका माशानं अंग एकदम झटकलं आन् बाजूला झाला. पोरं पाण्यात विखुरली, गोंधळली, इकडं तिकडं झाली, मंग आख्खा थवा दुसऱ्याच्या अंगाला जाऊन चिकटला. पहिला कोपऱ्यात जाऊन नुसता उभा राहिला.

"ह्यातला बापूस कोन्ता?" बाबानं विचारलं.

मोठी मादी, हे मला अंड्यांवरनं ठाऊक होतं. पण दोघं काळे, दोघं मागंपुढं झालेले, पोरांनी भरलेले, आन् माझ्या डोक्यात शेठ-शेठाणीचा गुंता. "कळत नाय," मी म्हटलं.

"बरां हाय," बाबा म्हणाला.

आज माझ्या शेडमधी डिस्कसच्या कितीतरी जोड्या हायत. डोक्यावरनं विमानं जातात, मासे मान वळवत नायत, मीच दचकतो. गिऱ्हाईक विचारतं, काका यातला नर कुठला, तर मी म्हणतो जो अंडी घालणार नाय तो. लोकांना वाटतं काका गंमत करतात. त्या जगलेल्या खेपेतली पण निम्मी पोरं मी नंतर मारलीच, जास्त खायला घालून, म्हणजे शाबासकी घेण्यासारखं काय नाय. उरली ती इक्बालभाईच्या मागच्या खोलीत वाढली.

पण तेव्हा हे काय ठाऊक नव्हतं. शिमगा झालेला, होळीची राख अजून चौकात होती, आन् दारात मामाचा डंपर आला. हॉर्न असा मारला की पेटीतली पोरं फुटाण्यासारखी उडाली. आईनं आतनं हाक दिली, ताट वाढलंय म्हणून. मी उठलो. टॉवेल, एक चड्डी, बनियन, पिशवी भरलेलीच होती. मी पिशवी उचलली आन् बाबानं माझ्या हातातनं ती काढून घेतली. पिशवी घेऊन तोच बाहेर गेला, म्हणून मला वाटलं आता बाबाच क्लीनर होतोय. मी दाराआडनं बघत राहिलो.

"हॉर्न नको मारूस," बाबा मामाला म्हणाला. "पोरां जेवतान."

मामा वरनं खिडकीतनं वाकला. "कोनाची पोरां, भावजी?"

"आमची."

मामानं ओटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत बाबाकडं. "आन् बाल्या? येतेय ना?"

"त्याला टाईम नाय," बाबा म्हणाला. "कामावं हाय."

डंपर मागं मागं घेत मामा गेला, हॉर्न न मारता. बाबानं पिशवी फावड्याच्या दांड्याला अडकवली आन् आत आला. आई ताट घेऊन पडवीच्या दारात उभी होती, वालाचं बिरडं, वाफ निघत होती. "जेवा आता," ती म्हणाली, "निवतेय."

बाबा पाटावर बसला, हात परत मांड्यांखाली घातले.

"थांब गो," तो म्हणाला. "त्यांचां होऊदे."